भट्टीला वारा नको

आमच्या घराचं वाऱ्याशी वाकडं होतं. माणसांचं नाही, भट्टीचं. माझी माय मुरमुरे फोडायची. कढईतल्या रेतीला वारा लागला की रेती निवते, आणि रेती निवली की तांदूळ फुलत नाही, खडा होऊन बसतो. म्हणून घरामागच्या सपरीला, म्हणजे उघड्या छपरीला, बानं तिन्ही बाजूंनी बांबूचे तट्टे ठोकले होते आणि तट्ट्यांवर शेणमाती लिंपली होती. कुठं फट पडली की ती बुजवायचं काम माझं. बोटानं फट चाचपायची, ओला गोळा दाबायचा, वरून पंजा फिरवायचा. मी ते मन लावून करत होतो. माय आल्यागेल्याला सांगायची, "माह्या सुक्यानं लिपलं त मुंगीले बी आत याले जागा नाई." मला बरं वाटायचं. चौथीत शाळा सुटलेल्या पोराचं कौतुक दुसरं कोण करणार होतं? याला आता साठ वर्षं होत आली. बाकी बरंच विसरलो, पण त्या ओल्या गोळ्याचा गारवा बोटांना अजून आठवतो. आठवला की मी हात धोतराला पुसतो. उगाच पुसतो, हाताला काही लागलेलं नसतं.

गाव आमचं अड्याळच्या बाजारापासून दोन-अडीच कोस. गावाला मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. बा तलावात जाळं टाकायचा आणि मासोळीचं टोपलं डोक्यावर घेऊन गावं हिंडायचा. तो बोलायचा कमी. घरात सकाळी झिंग्याचा वास, दुपारी भाजलेल्या तांदळाचा. सकाळी पेज आणि मिरचीचा ठेचा, दुपारी भात आणि मासोळीचा रस्सा, मासोळी सगळी विकली गेली असली तर नुसतं वरणाचं पाणी. संध्याकाळी शेवटच्या कढईतले जे मुरमुरे वाकडेतिकडे निघायचे ते आमचे. त्यांवर कांदा, हिरवी मिरची, जवसाच्या तेलाची धार. मी मोठेपणी लग्नाकार्यात काय काय खाल्लं, पण त्याची बरोबरी कशाला आली नाही. आता मी मुरमुरे खात नाही. सून विचारायची, पोटाला बाधतात का? मी हो म्हणायचो.

मुरमुरे फुटायचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून समजणार नाही, तरी सांगतो. माय मीठ लावून भाजलेल्या तांदळाचे दोन पसे तापल्या रेतीत टाकायची आणि शिंदीच्या काड्यांच्या जुडीनं भराभर हलवायची. आधी काहीच नाही. मग एक तटकन, मग दोन, आणि मग वाळल्या पानांवरून बकऱ्यांचा कळप पळावा तसा आवाज. तो आवाज सुरू असताना कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. माय चाळणीनं मुरमुरे उचलायची, रेती खाली झाडायची, चाळणी टोपल्यात पालथी करायची. तिच्या भुवया नेहमी भाजलेल्या असत.

त्या कढईखाली जाळायचं ते धानाचा कोंडा. गिरणीवर फुकट मिळायचा. कोंडा लाकडासारखा टाकून मोकळं होता येत नाही. भट्टीच्या तोंडाशी बसायचं आणि मूठ मूठ फेकत राहायचं. अशी मूठ, पातळ, पसरून. तेव्हा तो भुर्रकन पेटतो आणि धूर कमी होतो. एकदम जास्त टाकला की जाळ दबतो, कोंडा आतल्या आत धुमसतो आणि पिवळा, जड धूर निघतो. पण एक आहे, दाबून भरलेला कोंडा तासभर धुमसत राहतो, रेतीही हळूहळू तापते, आणि माणसाला तिथं बसावं लागत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आपल्या मनानं शोधलं. त्याच्यातूनच सगळं झालं.

मंजी माझी बहीण. माझ्यानंतर मायची दोन बाळंतपणं वाया गेली होती आणि मग अकरा वर्षांनी ही आली. बारीक, काळीसावळी, डोक्यावर जावळाचा झुपका. माझं बोट धरलं की सोडायची नाही. माय भट्टीवर असायची, बा गावावर, म्हणून पोरगी माझ्याकडे. मायनं सपरीच्या मयालीला, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडाला, जुन्या लुगड्याचा झुला बांधला होता. झुल्याची दोरी मी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधायचो. हातानं कोंडा फेकायचा, पायानं पोरगी हलवायची. वर मयालीत दोरी कुरकुरायची, कुर्र-कुर्र, त्या आवाजावर ती झोपायची. शेजारची गिरजामाय हे पाहून हसायची आणि मायला म्हणायची, "तुही सून सुखी राहीन वं, हा पोट्टा बाई होऊन जन्माले याचा होता." मला राग यायचा आणि मंजी उगाच हसायची, जणू तिला समजलं.

झुला भट्टीपासून चार हातांवर होता. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे लेकराला ऊब पाहिजे, वारा नको, हे सगळ्यांचं ठरलेलं. बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा शेगडी पेटती ठेवत आणि दार लावून घेत. लेकरू शिंकलं की धुरी. निखाऱ्यावर ओवा, लसणाची सालं, कडुनिंबाचा पाला टाकायचा आणि लेकराला धुरावर धरायचं. लेकरू रडून रडून लाल झालं की म्हणायचं, आता सर्दी भायेर पडली.

पावसाळ्यात मंजीला खोकला लागला. कोंडा ओला असायचा, धूर जास्त. तलाव भरून वाहत होता, तट्टे ओलावले होते आणि मी रोज नव्या फटी बुजवत होतो. चार दिवस खोकायची, चार दिवस बरी. धान निसवायला लागलं तेव्हा गावात दंडारीच्या तालमी सुरू झाल्या. दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे गावची जत्रा, मंडईत दिवसा दंडार, म्हणजे सोंगांचं नाटक, नाचते, आणि त्या साली मला सोंग मिळालं होतं. राजाच्या मागं उभी राहून चवरी ढाळणारी दासी. दोन वाक्यं होती. "महाराज, घोडा आला" आणि "महाराज, घोडा गेला." बस एवढंच. पण मला त्यापुढे काही दिसेनासं झालं. तालीम दुपारी देवळापुढे व्हायची. त्याच वेळी माय तांदूळ धुवायला तलावावर जायची, आणि ती येईपर्यंत रेती तापवून ठेवायचं काम माझं असायचं.

पहिल्या दिवशी ढोलकी ऐकत मी मूठ मूठ कोंडा फेकत बसलो. दुसऱ्या दिवशी भट्टीचं तोंड टोपलंभर कोंड्यानं गच्च भरलं, काडीनं दाबलं, झुल्याला एक जोराचा झोका दिला आणि पळालो. परत आलो तेव्हा रेती तापलेली होती आणि मंजी झोपलेली. मायला काही कळलं नाही. मग रोजच तसं. धूर छपराला लागून खाली उतरायचा, अर्ध्या सपरीपर्यंत यायचा, आणि झुला त्याच उंचीवर होता. मी हे पाहिलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी पाहिलं होतं. मला वाटलं, झोपली आहे ना.

एक दिवस तालमीतून आलो तर आमच्या बोरीच्या झाडाखाली नर्सबाई बसलेली. देवी टोचायला यायची ती, पांढऱ्या लुगड्यातली, बसमधून उतरून दोन कोस चालत येणारी. मंजी तिच्या मांडीवर. बाईनं तिचं नाक पदराच्या टोकानं पुसलं होतं आणि पदराचं ते टोक काळं झालं होतं. मला ते आधी दिसलं, मग बाईचा चेहरा. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "ही एकटी होती धुरात. किती वेळ?" मी म्हटलं, आत्ताच गेलतो. ती म्हणाली, "खोटं बोलू नको. भट्टी कोंबलेली आहे." मग तिनं मला समोर बसवलं आणि मोठ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. लेकराला भट्टीजवळ ठेवायचं नाही, अर्धा तासही नाही. शेजारी ठेवा, झाडाखाली ठेवा, वाऱ्यावर ठेवा. धुरी देऊ नका. छाती उडायला लागली तर वाट पाहू नका, थेट भंडाऱ्याच्या दवाखान्यात या. "आईला सांगशील?" मी मान हलवली. "काय सांगशील, म्हणून दाखव." मी सगळं बरोबर म्हणून दाखवलं. पाठांतर माझं चांगलं होतं. तिला पुढच्या गावाला जायचं होतं, ती गेली.

माय ओले तांदूळ घेऊन आली, टोपलं उतरवत विचारलं, "बाई आलती म्हणते गिरजा. काय म्हणली?"

आता पाहा, सांगायला काय लागत होतं? पण सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, की बाईला एवढा धूर कसा दिसला. मग टोपलंभर कोंडा, मग तालीम. आणि मंजीला गिरजामायकडे ठेवायचं तर तिच्याजवळ मलाच बसावं लागलं असतं, गिरजामाय तर दिवसभर वावरात. चवरी दुसऱ्या पोराच्या हातात गेली असती. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात आलं. बारा वर्षांच्या पोराला अक्कल नसते असं लोक म्हणतात. मला होती.

मी म्हटलं, "टोचून गेली. पोरगी चांगली हाय म्हणली. ऊब राहू द्या म्हणली."

माय म्हणाली, "होय न. थेच त मी करून राहिली."

ते 'ऊब राहू द्या' मला कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. नुसतं 'चांगली हाय' म्हणून भागलं असतं. वरचं मी आपल्या पदरचं घातलं, खोटं पक्कं व्हावं म्हणून. मायनं त्या दिवसापासून झुला भट्टीकडे आणखी हातभर सरकवला.

मग मंजीचा खोकला राहिलाच. माय धुरी द्यायची, सकाळ-संध्याकाळ. निखारे मी आणून द्यायचो, भट्टीतून चिमट्यानं धरून. ओवा मी टाकायचो. ती खोकायची आणि आम्ही म्हणायचो, निघून राहिला, निघून राहिला. तिची रडायची ताकद कमी झाली, आम्हाला वाटलं शहाणी झाली. एकदोनदा मी दुपारी कोंडा न कोंबता बसलो, मूठ मूठ फेकली. मग ढोलकी वाजली की उठलो. एवढं लिहायला पाहिजे, की मी दोनदा बसलो होतो. त्यानं काही होत नाही, तरी लिहिलं.

मंडईच्या दिवसांत मुरमुऱ्याला मागणी फार. आजूबाजूच्या गावांच्या मंडया एकामागून एक लागतात, आणि मंडईला मुरमुरे पाहिजेतच. भट्टी पहाटेपासून दिवे लागेपर्यंत जळत होती. त्याच आठवड्यात गावात सर्दीतापाची साथ आली. सगळीच पोरं तापली. गिरजामायचा नातू तापला, पाटलाकडची दोन तापली, चार दिवसांत उठून खेळायला लागली. मंजी उठली नाही.

आमच्या गावची मंडई होती त्या दिवशी मी तोंडाला पांढरा रंग फासला, मायचं जुनं लुगडं अंगाला गुंडाळलं, आणि उभा राहिलो. "महाराज, घोडा आला" म्हटलं तर लोक इतके हसले की राजाचं पुढचं बोलणं कुणाला ऐकूच आलं नाही. मला कुणीतरी रेवड्या दिल्या. मी त्या मंजीसाठी मुठीत धरून पळत घरी आलो. तिला दात दोनच होते, पण चाटायला म्हणून. माय भट्टी सोडून बोरीखाली बसली होती. ती भट्टी सोडून बसली आहे हे पाहूनच माझे पाय थांबले. मंजी मांडीवर, डोळे अर्धे उघडे. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. छाती उडणं म्हणजे काय हे मला बाईनं सांगितलं होतं. गावात ते त्या दिवशी फक्त मलाच माहीत होतं.

मी म्हटलं, "माय, भंडाऱ्याले नेऊ." माय म्हणाली, "आता? मंडईत कोण बंडी जुपन?" मी बाला शोधायला धावलो. बा मंडईत मासोळी विकत होता. त्यानं माझ्या रंगवलेल्या तोंडाकडे पाहिलं, त्याला वाटलं मी सोंग करून राहिलो. दोनदा सांगावं लागलं. बैलबंडी मिळाली ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. अड्याळला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. बस यायची होती. बसच्या थांब्यावर पिंपळ होता, माय त्याच्या पारावर बसली, पोरगी पदराखाली घेतली, पाजायला पाहिलं. ती घेत नव्हती. तिथं वारा चांगला होता. पिंपळाची पानं एकसारखी वाजत होती, आणि मला वाटलं, आता वाऱ्यावर आणली, आता बरी होते. बस आली तेव्हा बानं हात वर केला नाही. बस थांबली, कंडक्टरनं आमच्याकडे पाहिलं, घंटी मारली. बस गेली.

माय रडली ती नंतर. तिथं पारावर ती एवढंच म्हणाली, "माह्या दुधातच दम नव्हता."

ती हे पुढं सगळी उमर म्हणत राहिली. कुणाच्या घरी लेकरू झालं की सांगायची, बाई, चांगलं खा, माह्या मंजीले माह्या दुधानं नेलं. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा तिनं त्याला तीन महिन्यांतच बकरीच्या दुधावर टाकलं, आपलं पाजायला भ्यायची. छाती दाटायची, ती भिंतीकडे तोंड करून पिळून टाकायची. मी ते पाहत होतो. त्या वेळी माझ्या तोंडाशी कितीदा आलं. पण आता तर सांगणं आणखीच अवघड झालं होतं. मग मी मोठा झालो, बा गेला, माय म्हातारी झाली, आंधळी झाली. शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ बसून तिचे पाय चेपायचो. तेव्हाही नाही सांगितलं. ती स्वतःच्या दुधाला दोष देत गेली, आणि दोष माझा होता.

हे मी फक्त माझ्या बायकोला सांगितलं होतं, पार्बताला. आमची पहिली पोरगी झाली, पार्बता बाळंतीण होऊन माहेरून आली, तिनं चुलीजवळ झुला बांधायला दोरी काढली आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. मला वाटलं ती म्हणेल, लहान होते तुम्ही, जाऊ द्या. तिनं दोरी हातात घेतली आणि म्हणाली, "तवा लहान होते. आता नाई ना. चूल भायेर काढा." मी आंगणात चूल मांडली, वर टिनाचा पत्रा टाकला. पार्बतानं पुढं गॅस येईपर्यंत सगळा स्वयंपाक तिथं केला, पावसात एक हात भिजत केला, शेजारणींनी येडी म्हटलं तरी केला. आमची तिन्ही लेकरं धुराबाहेर वाढली. पार्बता मागच्या श्रावणात तीन दिवसांच्या तापानं गेली. ती गेली तेव्हा माझी ही गोष्ट माहीत असणारं दुसरं माणूस या जगात उरलं नाही.

ती गेल्यावर मला साकोलीला मुलाकडे यावं लागलं. दोन खोल्या, समोर मोठा रस्ता, दिवसभर ट्रक. भिंतीवर पार्बताचा फोटो लावला. मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढे ऊद घालतो. घालत होतो, असं लिहायला पाहिजे. निखारा, वर ऊद आणि राळ. दार उघडं असलं की धूर विस्कटतो, दिवा विझतो, म्हणून दार-खिडकी लावून घ्यायचो. त्या धुरात तिचा चेहरा हलल्यासारखा दिसायचा. हा देवाचा धूर, तो मी चुलीच्या धुरात धरलाच नव्हता. तिथंच खाली चटईवर माझा नातू अंशू खेळायचा, दीड वर्षाचा. त्याला या थंडीत तिसऱ्यांदा छातीचा त्रास झाला. घरात वाफेची मशीन आणली, तोंडाला मास्क लावला की तो मंजीसारखा बघतो.

परवा सून वैशाली आणि मी त्याला लेकरांच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेलो. तरुण बाई, बोलायला चांगली. तिनं छाती तपासली आणि मग मला समजावं म्हणून सांगितलं, की श्वासाच्या नळीला आतून बारीक केस असतात, ते सारखे हलत असतात आणि धूळ, जंतू, बेडका वर ढकलून बाहेर काढतात. धूर गेला की ते केस लुळे पडतात. त्याच्याही आत गस्त घालणाऱ्या पेशी असतात, जंतू दिसला की त्याला खातात. त्या काजळीच खाऊन खाऊन भरतात, मग जंतू आला की त्यांच्यात जोर राहत नाही. लहान लेकराची नळी बारीक, राखण अजून शिकाऊ, म्हणून त्याला जास्त. मला रोवण्याआधीचे धानाचे कोवळे पऱ्हे दिसले, वाऱ्यावर एकसारखे हलणारे, आणि मग कुणीतरी त्यांच्यावरून लाकडाचा ओंडका फिरवलेला.

आणि माझा एक आधार होता, तोही तिथंच गेला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की मंजीला साथीनं नेलं. धुरानं नाही, साथीनं. ताप तर सगळ्यांनाच आला होता. पण बाकीची पोरं चार दिवसांत उठली, ती का नाही उठली, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आता उत्तर विचारण्याआधीच मिळालं. साथ येईपर्यंत तिच्या घरचे राखणदार मी मूठ मूठ करून, टोपलं टोपलं करून झोपवले होते. खोकला थांबावा म्हणून धरलेल्या धुरीनंही तेच केलं. तिचं रडणं कमी झालं होतं ना, ते म्हणून.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "घरात धूर होतो का? चूल, सिगारेट, मच्छरची कॉइल, अगरबत्ती, ऊद?"

वैशाली म्हणाली, "नाही मॅडम. गॅसच आहे आमच्याकडे."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. पोराच्या मोज्याशी चाळा करत होती. मला कळलं. सासऱ्याचं दुःख ताजं आहे, त्याच्या ऊदाबद्दल चारचौघांत काय सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पोरगी भली आहे. माझ्यासाठी खोटं बोलली, मी माझ्यासाठी बोललो होतो. बाईनं लिहायला पेन खाली टेकवला. पुढचा प्रश्न विचारायला तिला एक दम लागला असेल, तेवढाच वेळ होता.

मी म्हटलं, "होते बाई धूर. दोन टाइम. मी करतो. दार लावून करतो."

बाईनं मान वर केली. वैशाली म्हणाली, "बाबाजी, राहू द्या ना." मी म्हटलं, "राहू देऊन नाई चालत, बाई." डॉक्टरीणबाई रागावली नाही. म्हणाली, "आजोबा, आजपासून बंद करा. आणि रस्त्यावर गाड्यांची गर्दी नसते तेव्हा खिडक्या उघडा." तिनं ते कागदावर लिहिलं. मी विचारलं, आतापर्यंत झालं ते? ती म्हणाली, धूर थांबला की ते केस पुन्हा हलायला लागतात, लेकरू आहे, भरून येईल. मी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

ऑटोत वैशाली म्हणाली, "बाबाजी, तुम्हाला वाईट वाटलं असेल." मी अंशूच्या तळपायावर बोट ठेवलं होतं, त्यानं ते पायाच्या बोटांनी धरल्यासारखं केलं. मी म्हटलं, "मले एक बहीण होती." तिला वाटलं असेल बुढा भलतंच बोलतो. तिनं विचारलं, कोणती? घर येईपर्यंत मी सगळं सांगितलं. तिनं अंशूला छातीशी घेतलं. ऑटोवाल्यानंही ऐकलं होतं, पैसे घेताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी पार्बतापुढे झेंडूचं एक फूल ठेवलं. निखारा केला नाही. ट्रक कमी झाले तेव्हा दार उघडलं, खिडकी उघडली. वारा आत आला आणि तिचा फोटो खिळ्यावर हलून भिंतीवर वाजायला लागला, टक, टक. वैशाली म्हणाली, खाली कागद अडकवू का? मी नको म्हटलं. मायला सांगायचं होतं ते सांगायचं राहिलं, ते आता राहिलंच. चटईवर अंशू झोपला होता. मी त्याच्या पोटाकडे बघत बसलो, बरगड्यांखाली खड्डा पडतो का ते. नव्हता पडत. तरी बसलो.